रेडिओवरची बहीण

९ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी दुभाषी! एकसष्टाव्या वर्षी नवं काम. पगार नाही, पण गळ्यात ओळखपत्र आहे, त्यावर फोटो आहे, आणि फोटोत मी बरी दिसते.

त्याचं असं झालं. आमच्या बाहिया व्हेर्दे या समुद्रकाठच्या गावातल्या महिला आश्रयगृहात केन्ड्रा म्हणून एक वकीलबाई आहे. जन्म टेक्सासात गेला, पण स्पॅनिशमध्ये 'बाथरूम कुठे आहे' याच्यापुढे तिची गाडी जात नाही. कामाचं आमिष दाखवून आणलेल्या, डांबून राबवलेल्या बायका तिच्याकडे येतात. त्यातल्या बहुतेक आमच्याच भाषेच्या. मग केन्ड्रा मान हलवते, त्या मान हलवतात, आणि कागद कोरा राहतो. शेवटी तिने कुठूनतरी माझा नंबर काढला. साहजिकच आहे. सकाळी सहा ते नऊ रेडिओ गाव्योतावर मी बोलते आणि सगळं गाव ऐकतं. हॉटेलांत चादरी बदलणाऱ्या बाया, कोळंबी सोलणाऱ्या बाया, छपरं घालणारे मिस्त्री. दोन्या लालाचा, म्हणजे लालाबाईंचा, माझा, आवाज ऐकला की आई आठवते, असं लोक म्हणतात. पत्रं येतात तशी.

पहिलीच मुलगी इल्सी. होंडुरासची, बावीस वर्षांची. शनिवारी पेट्रोलपंपावर सापडली, पायात रबरी चपला आणि हातात फरशी पुसायचा दांडा. समुद्रकाठचा कुठलातरी सुट्टीचा बंगला पुसता पुसता तशीच चालत निघाली होती. पंपावरच्या माणसाला वाटलं, साफसफाईला आली, म्हणून त्याने तिला बादली दिली.

पोलिसांना तिने दोनच गोष्टी सांगितल्या आहेत, आपलं नाव आणि "माझी बहीण अजून तिथेच आहे." 'तिथे' म्हणजे कुठे, ते सांगत नाही. बहिणीचं नाव दार्लिन, वय सतरा. पत्ता कळल्याशिवाय पोलीस तरी कुठे जाणार?

मी खोलीत पाऊल टाकलं आणि नेहमीसारखं गोड आवाजात म्हटलं, "सुप्रभात गं पोरी, कशी आहेस?" तिने झटकन वर पाहिलं आणि अंगाची लाकडी फळी केली. नंतर तासभर एक शब्द नाही. भारावली असणार. रेडिओवरचा माणूस समोर उभा राहिला की होतं असं लोकांचं.

११ सप्टेंबर, बुधवार

आज केन्ड्राने मला शिकवणी दिली. दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही, गाळायचं नाही. ती पाच शब्द बोलली तर आपण पाचच बोलायचे.

"लाला, मी तिला विचारलं, जेवलीस का. तू पुढची दोन मिनिटं काय सांगत होतीस?"

"तेच. जेवलीस का."

"दोन मिनिटं?"

"आमच्यात असं कोरडं विचारत नाहीत, केन्ड्रा. मी विचारलं, काय जेवलीस, कुणी केलं होतं, मीठ बरोबर होतं का, आणि तुझी आई तिकडे काय करायची."

"आणि ती काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

केन्ड्राने कपाळाला हात लावला. वकील लोकांना माणसं कळत नाहीत, कागद कळतो. तरी मी उद्यापासून कमी बोलायचं ठरवलं आहे.

सकाळचा कार्यक्रम झकास झाला. सव्वासातचे नमस्कार आता अर्ध्या गावाला तोंडपाठ आहेत. जाहिरातीचे पैसे भरतो तो माझा भाऊ, भरते ती माझी बहीण, ही माझी पद्धत. 'गाद्यांचं दुकान अमुक' असं रुक्ष बोलणं मला जमत नाही. 'माझा भाऊ तिबुर्सिओ, ज्याच्या गादीवर बाळासारखी झोप लागते' म्हटलं की गादी खपते. साफसफाई कंपनीवाल्या ग्रिसेल्दाने पुन्हा सहा महिन्यांची जाहिरात नोंदवली. फोन करून म्हणाली, "लाला, जरा माझ्या मोठ्या मनाबद्दलही बोल ना." बोलले. नाताळात एकदाच भेटली होती, बिस्किटांचा डबा घेऊन. चांगली बाई आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

घसा बसला म्हणून काल आश्रयगृहात गेले नाही. केन्ड्राने फोनवरून कुणी परकी दुभाषी जोडून घेतली. दुसऱ्या कुठल्यातरी राज्यात बसलेली बाई, तोंड ना ओळख. तर इल्सी तिच्याशी म्हणे बरंच बोलली!

मला आधी खोटंच वाटलं. त्या बाईने तोंडात शब्द घातले असणार, फोनवर काय कळतंय! पण केन्ड्रा म्हणाली, पोरगी प्रवासाबद्दल बोलली, तिचे कागद काढून घेतले त्याबद्दल बोलली, बहिणीबद्दल रडली. पत्ता आणि मालकिणीचं नाव मात्र नाही.

म्हणजे जमीन मी नांगरायची आणि पीक हिने काढायचं. असू दे. आज मी पुन्हा गेले तर पुन्हा फळी. मी फक्त 'सुप्रभात' म्हटलं होतं. कमी बोलायचं ठरवलंय ना!

केन्ड्रा जाताना म्हणाली, "लाला, तू थोडे दिवस घरी आराम कर. घशाला बरं वाटेल." किती काळजी करते माझी. मी म्हटलं, घसा ठणठणीत आहे, सोमवारी येतेच.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या गडबडीत तीन दिवस वही उघडली नाही. स्टुडिओत बॅन्ड आणला होता. तंत्रज्ञ चुय माझ्याच वयाचा, पण ढोल वाजला की त्याचा रक्तदाब चढतो. त्याला खुर्चीवर बसवून त्याचीही बटणं मीच दाबली.

आश्रयगृहात आज एक विचित्र प्रश्न आला. केन्ड्राने मला बाजूला घेतलं, दार लावलं आणि विचारलं, "लाला, या गावात तुझी एखादी बहीण आहे का?"

"मला? मला चार भाऊ, चारही मेक्सिकोत. आईला शेवटपर्यंत वाटायचं मला बहीण असावी. का?"

"सहज." आणि माझ्याकडे इतकी रोखून बघत राहिली की मी आरशात जाऊन बघितलं, दाताला काही लागलंय का.

ही वकिली डोकी कधी कशावरून कुठे जातील, सांगता येत नाही. इल्सीने आज खोलीत यायलाच नकार दिला. मला खरंच वाईट वाटलं. आज नववा दिवस, आणि मी घरी येऊन खुशाल सूप पिते आहे. ती दार्लिन कुठल्या खोलीत असेल, तिच्या पुढ्यात काय असेल, कोण जाणे. तिची बहीण माझ्यासमोर बसते आणि मला तिच्याकडून एक पत्ता काढता येत नाही.

पण मी हरणारी नाही. माझ्या आवाजाने भल्याभल्यांना गाद्या घ्यायला लावल्या आहेत.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

शनिवारी माझा कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो, त्यामुळे सकाळ मोकळी. केन्ड्राला न विचारता थेट आश्रयगृहाच्या स्वयंपाकघरात गेले. इल्सी पोळपाटासारख्या फळीवर मैद्याच्या जाड पोळ्या थापत होती. तिच्या देशात त्यात घेवड्याचं वाटण भरून घडी घालतात. पाठमोरी होती, खांदे सैल होते. अशी मी तिला कधी पाहिलीच नव्हती. म्हटलं, आज गप्प उभं राहावं.

तेवढ्यात तिथल्या मदतनीस बाईने रेडिओ लावला. गाव्योता. माझाच आवाज, माझ्यासमोर, "आणि आता माझी बहीण ग्रिसेल्दा, जिचं मन समुद्राएवढं आणि जिच्या मुलींचे हात चांदीसारखे स्वच्छ..."

इल्सीने पोळी टाकली, धावत जाऊन रेडिओची वायर भिंतीतून उपटली आणि ती वायर हातात धरून वळली. मी दारात.

मी तिच्याकडे, ती माझ्याकडे. हातात माझी वायर. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साफसफाई. बंगले. मुलींचे हात. गावात तुझी बहीण आहे का, लाला?

खाली बसले. फरशीवरच.

"ती?" मी विचारलं. "ग्रिसेल्दा?"

ती वायर सोडेना. मग हळूच म्हणाली, "तुम्ही तिच्या बहीण. रोज सकाळी ती आम्हाला उभं करायची. म्हणायची, ऐका, माझी बहीण रेडिओवर आहे. पोलीस तिचं ऐकतात, सगळं गाव तिचं ऐकतं. पळालात तर संध्याकाळपर्यंत तुमचं नाव रेडिओवर येईल."

आणि मी तिला रोज सुप्रभात म्हणत होते. त्याच गोड आवाजात! लोकांना हसत बसले, केन्ड्राला नावं ठेवली, त्या फोनवाल्या बाईला नावं ठेवली, आणि आपण काय करत होतो ते आपल्यालाच दिसलं नाही.

"अगं पोरी," मी म्हटलं, "ती माझी कुणी नाही. पैसे भरतो तो माझा भाऊ, भरते ती माझी बहीण. गादीवाला तिबुर्सिओ माझा भाऊ. टायरवाला माझा भाऊ. मासेवाली बहीण. दातांचा डॉक्टर, तोही भाऊ, आणि त्याने माझी अक्कलदाढ चुकीच्या बाजूची काढली."

तिचा चेहरा हलेना.

"शवपेट्या विकणारा फिदेन्सिओसुद्धा माझा भाऊ आहे गं!"

"तोसुद्धा?" ती म्हणाली. "'माझ्या भावाकडे या, घाई नको'?"

"मीच लिहिलं ते."

आणि तिच्या नाकातून फसकन हसू आलं. "ती त्याच्या वेळी आवाज बारीक करायची. अपशकुन म्हणायची." मग हसता हसता रडायला लागली, आणि मीही, आणि मदतनीस बाई पोळी करपली म्हणून ओरडत होती.

इल्सीने सगळं सांगितलं. घर, गल्ली, किती मुली, व्हॅन कुणाची. मी तोंड शिवल्यासारखी ऐकत होते. केन्ड्रा आली, तेव्हा मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. पाचाला पाच. केन्ड्रा म्हणाली, छान, पण आता तू या प्रकरणात गुंतलेली आहेस, सरकारी जबानीला फोनवाली दुभाषीच बसेल. मी मान्य केलं. मुकाट्याने. हे वाचून कुणाचा विश्वास बसायचा नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी मला पुन्हा 'माझी बहीण ग्रिसेल्दा' म्हणावं लागलं. रडू गिळून म्हटलं. पोलिसांकडचा तपास अधिकारी हॉलिस कालच बजावून गेला होता, एक शब्द बदलायचा नाही, तिला संशय येता कामा नये.

दुपारी सगळे बसलो. जबानी झाली आहे, घरात शिरायचा कागदही मिळाला आहे. अडचण वेगळीच आहे. मागे एकदा नळ तपासायला कुणी आलं होतं, तर ग्रिसेल्दाने दाराशी गप्पा मारत फोनवर नुसतं एक बटण दाबलं, आणि तिच्या सख्ख्या भावाने मुलींना मागच्या गल्लीतून व्हॅनमध्ये घालून नेलं. पुढे दोन दिवस त्या कुठेतरी जंगलात होत्या. या वेळी तसं झालं तर दार्लिन पुन्हा सापडेलच असं नाही.

तेव्हा इल्सी फोनवाल्या दुभाषीमार्फत म्हणाली, "सव्वासातला जा."

"का?"

"तिचं नाव येतं तेव्हा ती सगळ्या मुलींना स्वयंपाकघरात बोलावते. भावालासुद्धा. कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. फोन रेडिओसमोर धरून ती सगळं रेकॉर्ड करून घेते आणि गावाकडे आईला पाठवते. आई शेजाऱ्यांना ऐकवते. नाव संपेपर्यंत ती त्या फोनवर दुसरं काहीही करत नाही."

हॉलिसने माझ्याकडे पाहिलं. "किती वेळ चालतं ते?"

"चाळीस सेकंद," मी म्हटलं.

"मला जास्त लागेल. पुढचं दार, मागचं दार, व्हॅन. तुम्ही किती लांबवू शकता?"

केन्ड्रा माझ्याआधी बोलली. "लालाची काळजी करू नका," म्हणाली. "तिला 'जेवलीस का' विचारायला दोन मिनिटं लागतात."

सगळे हसले. मीही. पण घरी येऊन घसा तीनदा गरम पाण्याने शेकला आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

इल्सीला स्टुडिओत यायचं होतं. हॉलिस नको म्हणाला, केन्ड्रा नको म्हणाली. इल्सी म्हणाली, "तिला काय आवडतं ते मला माहीत आहे. यांना नाही." बरोबरच होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, डोक्यावर चुयची टोपी. केन्ड्रा काचेपलीकडे, हॉलिसशी जोडलेला फोन कानाला लावून.

गादीवाला भाऊ झाला. टायरवाला झाला. सव्वासात. मी श्वास घेतला.

"आणि आता, माझी बहीण ग्रिसेल्दा!"

समुद्राएवढं मन, चांदीचे हात, सगळं झालं. कंपनीचा नंबर दोनदा सांगितला. बिस्किटांचा डबा सांगितला, त्यात कुठली बिस्किटं होती तेही. केन्ड्राने हात गोल फिरवला, अजून. मी तिच्या केसांची स्तुती केली. तिच्या बागेची केली, जी मी पाहिलेली नाही. आणि मग झालं असं, की माझ्याकडचे शब्द संपले. आयुष्यात पहिल्यांदा! तोंड उघडं, समोर लाल दिवा, आणि आत काही नाही. रेडिओवर शांतता म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्यालाच कळेल.

इल्सी माझ्या कानाशी वाकली. "तिच्या आईचं नाव घ्या. दोन्या एर्मेलिंदा."

"...आणि नमस्कार तिच्या माउलीला, दोन्या एर्मेलिंदांना!"

"आई चर्चच्या घंटेसाठी वर्गणी देते."

"...ज्यांच्या वर्गणीवर गावची घंटा वाजते!"

"म्हणा, असं लेकरू देवाने सगळ्यांना द्यावं."

तिचा आवाज स्थिर होता. जिने तिला कोंडलं तिची स्तुती ती माझ्या कानात ओतत होती आणि मी बाहेर काढत होते, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. केन्ड्राचा हात फिरतच होता. गावच्या जत्रेचा संत झाला. पंधराव्या वाढदिवसाला ग्रिसेल्दाने घातलेला निळा झगा झाला, त्याच्या बाह्यांसकट.

मग केन्ड्राचा हात थांबला. तिने अंगठा वर केला. शिरले. ग्रिसेल्दाच्या हातात बेड्या, भावाच्याही.

चुयने गाणं लावायला बोट उचललं, पण केन्ड्राने काचेवर थाप मारली. दार उघडून आत आली आणि पुटपुटली, "मुली घाबरल्यात. गणवेश बघून टेबलाखाली, कपाटात शिरल्यात. दार्लिनने दार आतून लावून घेतलंय, हातात सुरी आहे. पोलिसांचं कुणालाच कळत नाही, आणि त्यांना या मुलींचं. दुभाषीचा फोन लागत नाहीये. लाला, तिथे रेडिओ अजून चालू आहे. काहीतरी बोल!"

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

त्या घरात माझा आवाज म्हणजे कोण? ग्रिसेल्दाची बहीण. मी कितीही गोड बोलले असते तरी त्या पोरीने सुरी आणखी घट्ट धरली असती.

मी खुर्ची मागे सरकवली आणि माईक इल्सीकडे वळवला. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी फक्त लाल दिवा दाखवला.

"दार्लिन," ती म्हणाली. आवाज फुटला. पुन्हा म्हणाली, "दार्लिन, मी आहे. इल्सी. मी ठीक आहे गं. जेवते आहे, झोपते आहे. ती माणसं आपल्याला घ्यायला आली आहेत. सुरी खाली ठेव, वेडे. दार उघड. कडी नेहमीसारखी अडकेल, जरा वर उचल."

मग ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो. सगळ्या गावाच्या रेडिओवर नुसता एका मुलीच्या श्वासाचा आवाज चालू होता, आणि रेडिओच्या मालकाच्या फोनचा दिवा लागोपाठ लुकलुकत होता, आणि मी त्याला हातही लावला नाही.

केन्ड्राने फोन कानाला आणखी दाबला. मग आमच्याकडे पाहिलं.

"कडी उचलली," ती म्हणाली.

इल्सीने माझ्याकडे वळून विचारलं, काय म्हणाली? केन्ड्रा इंग्रजीत बोलली होती. मी तिला दोनच शब्द सांगितले.